१२६ वरून १०८: एका आरएक्स हंड्रेडच्या कॉम्प्रेशनची नोंदवही

दिवे घाटाच्या वरच्या अंगाला, सासवडकडे जाताना डांबरी रस्ता सोडून जे मुरमाड रस्ते शेतांमधून टेकड्यांकडे जातात, तिथे मी गेली काही वर्षे रविवारी सकाळी माझी आरएक्स हंड्रेड, म्हणजे यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, चालवतो. मार्चच्या शेवटी एका नेहमीच्या चढावर, जिथे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मागचे चाक घसरवत सहज वर जात असे, तिथे तिला पहिला गिअर मागावा लागला. घरी परतल्यावर किक मारताना पायाखाली जो ठोस अडथळा लागायला हवा, तोही सैल झाल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी गाडी नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी प्लग काढला, भोकावर अंगठा दाबून धरला, मला किक मारायला सांगितली आणि अंगठा पुसत म्हणाले, "बोअर गेलाय साहेब. रिबोअर करून टाका, नवीन पिस्टन टाकू."

अंगठ्याने तपासण्याची ही पद्धत मी थट्टेवारी नेणार नाही. ज्या माणसाने तीस वर्षे टू-स्ट्रोक इंजिने खोलली आहेत, त्याच्या अंगठ्याला मेलेले इंजिन आणि जिवंत इंजिन यांतला फरक नक्की कळतो. परंतु बरे इंजिन आणि थोडे थकलेले इंजिन यांतला फरक अंगठा सांगू शकत नाही, आणि माझा प्रश्न नेमका तोच होता. रिबोअर म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणे आणि त्यात मोठा पिस्टन बसवणे. आरएक्सच्या सिलिंडरला प्रत्येक रिबोअर म्हणजे पाव मिलिमीटर धातू कायमचा जातो. ५० मिलिमीटरच्या मूळ मापानंतर ओव्हरसाइज पिस्टनच्या चार पायऱ्या मिळतात, त्यानंतर नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली धातूची नळी) किंवा नवा सिलिंडर शोधणे भाग पडते, आणि १९९६ साली उत्पादन थांबलेल्या गाडीचा चांगला सिलिंडर शोधणे हा स्वतंत्र उद्योग आहे. माझी गाडी पहिल्या पायरीवर, म्हणजे ५०.२५ वर होती. दुसरी पायरी उगाच खर्च करायची माझी तयारी नव्हती.

गाडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ही मूळची रस्त्यावरची मोटारसायकल, १९८५ साली भारतात आलेली, ९८ सीसीची आणि हवेने थंड होणारी. वजन जेमतेम १०३ किलो आणि ताकद ११ अश्वशक्ती, त्यामुळे गोट्यांचे, म्हणजे मातीत पकड घेणाऱ्या उंच ठोकळ्यांचे टायर, रुंद हँडल आणि मागे थोडे उंच शॉकअब बसवले की मातीत ती फार खेळकर होते. महाराष्ट्रात मातीवर गाडी चालवायला शिकलेल्या माझ्या पिढीतील अनेकांची सुरुवात अशाच एखाद्या उघड्या केलेल्या आरएक्सवर झाली. माझ्या गाडीचा ऑइल पंप काढून टाकलेला आहे आणि मी टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल, पेट्रोलमध्येच मिसळतो. हा बदल शहाणपणाचा होता की नाही यावर मी आणि मिस्त्री आजही वाद घालतो.

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबली जाणे. त्याचा आकडा किती यायला हवा, हे दाब मोजणारे गेज लावण्याआधी कागदावर समजून घेतलेले बरे. आरएक्स हंड्रेडचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ६.७ : १ असे छापलेले आहे. चार-स्ट्रोक इंजिनाच्या सवयीने पाहिले तर हा आकडा फार लहान वाटतो, पण जपानी कंपन्या टू-स्ट्रोकसाठी हे गुणोत्तर पिस्टनच्या पूर्ण प्रवासावर धरत नाहीत. पिस्टन वर येताना एक्झॉस्ट पोर्ट ज्या क्षणी बंद होते, तिथपासून पुढच्या प्रवासावर धरतात. त्यापूर्वी पिस्टन कितीही वर आला तरी हवा सायलेन्सरच्या वाटेने बाहेर जात असते, तिचे दाबणे होतच नाही. ५० मिलिमीटरच्या प्रवासातला साधारण अर्धा असा वाया जातो. उरलेल्या अर्ध्यात सुमारे ५१ सीसी हवा दाबली जाते, आणि ६.७ चे गुणोत्तर जुळायचे तर हेडमधील, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातली पोकळी सुमारे ९ सीसीची निघते. हा ९ चा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे घोटाळे त्याच्यापाशी येऊन थांबतात.

समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो. हवा अगदी सावकाश दाबली आणि तिची सर्व उष्णता बाहेर जाऊ दिली, तर ६.७ पट दाबाने गेजवर ८४ च्या आसपास आकडा येईल. उलट, उष्णतेचा कणही बाहेर जाऊ दिला नाही आणि गळती शून्य धरली, तर तोच आकडा १९५ च्या पुढे जाईल. किकने फिरणारे खरे इंजिन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. निरोगी आरएक्स ११० ते १३० च्या दरम्यान दाखवते, असा माझा आणि ओळखीच्या चार-पाच आरएक्सवाल्यांचा अनुभव आहे. ९० च्या खाली गेलेली गाडी सुरू होते, पण चढावर तोंड लपवते.

आता माझी चूक. अंगठ्यावर विश्वास न ठेवता मी घरी येऊन कपाटातले गेज काढले. ते मोटारींसाठीचे, स्वस्तातले, हातभर रबरी नळीचे. सहा किका मारल्या आणि काटा ७२ वर थांबला. पुन्हा केले, पुन्हा ७२. त्या रात्री मी जवळजवळ ठरवूनच टाकले होते की मिस्त्रींचे बरोबर आहे आणि सकाळी सिलिंडर लेथवर द्यायचा.

झोपण्यापूर्वी सहज नळी हातात घेऊन पाहिली. दाब अडवून धरणारा छोटा व्हॉल्व्ह, सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा, या गेजमध्ये डायलच्या बाजूला होता. म्हणजे प्लगच्या भोकापासून डायलपर्यंतची संपूर्ण नळी प्रत्येक किकेला हेडच्या पोकळीचाच भाग बनत होती. नळीचा आतला व्यास ४ मिलिमीटर आणि लांबी ४० सेंटिमीटर. गुणाकार केला तर ५ सीसी होतात. मोटारीच्या सिलिंडरमध्ये ५ सीसी कुठे जातात ते कळणारही नाही, पण ९ सीसीच्या पोकळीला ५ जोडले की १४ होतात आणि ६.७ चे गुणोत्तर घसरून ४.७ च्या खाली येते. निरोगी इंजिनसुद्धा त्या नळीमुळे आजारी दिसले असते. लहान इंजिनासाठी गेज घ्यायचे तर व्हॉल्व्ह नळीच्या टोकाला, म्हणजे प्लगच्या आट्यांपाशीच असलेले घ्यावे. ते टोक किती लांब आहे हेही पाहावे: आरएक्सच्या प्लगची आटेवाली लांबी १२.७ मिलिमीटर आहे, आणि १९ मिलिमीटरचे टोक आत गेले तर ते वर येणाऱ्या पिस्टनला भेटू शकते. ही भेट कोणाच्याही फायद्याची नसते.

योग्य गेज मित्राकडून आणले आणि या वेळी सगळे नीट, क्रमाने केले. मातीत चालणाऱ्या गाडीच्या प्लगभोवती हेडच्या पंखांमध्ये मुरमाचे खडे आणि वाळलेला चिखल साचलेला असतो. प्लग सैल करण्याआधी तो ब्रशने आणि सायकलच्या पंपाच्या हवेने पूर्ण साफ केला नाही, तर पहिल्याच अर्ध्या वळशाला तो सिलिंडरमध्ये पडतो आणि ज्या झिजेचा शोध घ्यायचा ती आपणच घडवून आणतो. गाडी दहा मिनिटे चालवून गरम केली, मग पेट्रोलचा कॉक बंद केला, कारण पूर्ण ॲक्सिलरेटरवर किका मारताना सुटलेले पेट्रोल आत जाऊन सिलिंडरवरचा तेलाचा थर धुऊन टाकते आणि आकडा खाली ओढते. काढलेला प्लग त्याच्या कॅपमध्ये परत बसवून त्याचे धातूचे अंग भोकापासून दूर, हेडच्या कडेला टेकवून ठेवले. ठिणगीला अर्थिंगची वाट मिळाली नाही तर सीडीआयवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर ताण येतो, आणि ती भोकाजवळ उडाली तर बाहेर येणारी वाफ पेट घेऊ शकते. गेज हातानेच घट्ट केले. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर पाना चालवू नये, टोकाशी असलेली रबरी रिंग पुरेशी असते.

त्यानंतर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरायचा. ही गोष्ट निम्मे लोक विसरतात. कार्ब्युरेटरची स्लाइड खाली असेल तर इंजिनाला श्वासच मिळत नाही आणि १२० चे इंजिन ८० दाखवते. गाडी मधल्या स्टँडवर, एकच पाय, एकसारख्या आणि जोरदार किका, आणि काटा वर सरकणे थांबेपर्यंत मारत राहायच्या. माझ्या गाडीने पहिल्या किकेला ५५, दुसरीला ८२, तिसरीला ९७ दाखवले आणि सहाव्या किकेनंतर काटा १०८ वर स्थिर झाला. गेज काढून, परत बसवून सगळे पुन्हा केले तेव्हा १०७ आले. इतका फरक चालतो. दहाचा फरक पडला असता तर मी पुन्हा मोजले असते.

१०८ हा आकडा सुटा पाहिला तर ठीक वाटतो. पण माझ्याजवळ गाडीची एक वही आहे आणि तिच्या शेवटच्या पानावर मागचे आकडे होते, तेही याच मित्राच्या गेजने घेतलेले. रिबोअरनंतर रनिंग, म्हणजे नवे भाग रुळेपर्यंत गाडी जपून चालवणे, पूर्ण झाल्यावर १२६. त्यानंतर दर हजारेक किलोमीटरला १२५, १२४, १२२, १२१. आणि आता, शेवटच्या नोंदीपासून अवघ्या ८०० किलोमीटरमध्ये, १०८. बोअर झिजत जातो तेव्हा आकडा असा कड्यावरून उडी मारत नाही, तो उतारावरून चालत येतो. या एका ओळीने माझा संशय बोअरवरून उठला.

इथे उंचीविषयी सांगायला हवे, कारण ओळखीतल्या एका मुलाने मला अलिबागहून १२० आणि महाबळेश्वरहून १०२ असे आकडे घाबरून कळवले होते. त्याच्या इंजिनाला काहीही झालेले नव्हते. महाबळेश्वर १३५० मीटरवर आहे, तिथे हवेचाच दाब समुद्रसपाटीच्या ८५ टक्के भरतो, म्हणजे दाबायला हवाच कमी. अलिबागचे १२० तिथे १०२ च होणार. पुण्यात, ५६० मीटरवर, तीच गाडी ११२ च्या आसपास दाखवेल. म्हणून दुसऱ्याच्या गावचा, दुसऱ्याच्या गेजचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

पुढची पायरी तेलाची. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा वाढला तर गळती रिंगांपाशी (पिस्टनभोवती खाचेत बसलेल्या, सिलिंडरला घट्ट टेकणाऱ्या कड्यांपाशी), तेवढाच राहिला तर हेड गॅस्केट किंवा प्लगच्या आट्यांपाशी, ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. 'एक चमचा तेल घाला' असा सल्ला मात्र मोटारीतून आलेला आहे आणि तो आरएक्सला लावणे धोक्याचे आहे. चहाचा एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. ९ सीसीच्या पोकळीत तेवढे तेल बसवले तर पोकळी निम्म्याहून कमी उरते आणि गळके इंजिनसुद्धा पैलवान वाटू लागते. मी औषधाच्या सिरिंजने मोजून अर्धा मिलिलिटर टू-टी ऑइल भोकातून कडेने सोडले, हाताने किक सावकाश दाबून पिस्टन दोन-तीनदा खालीवर केला आणि मग मोजले. १२७ आले. या १९ च्या वाढीतले सातेक पीएसआय तेलाने स्वतःच अडवलेल्या जागेचे, हे हिशोबाने वजा केले तरी बारा उरतात. ते रिंगांचे. हेड गॅस्केट निर्दोष सुटले.

सिलिंडर उचलला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. वरची रिंग एक्झॉस्टच्या बाजूला साधारण एकतृतीयांश घेरात कार्बनने खाचेत चिकटून बसली होती. नखाने दाबली तर हलत नव्हती, उरलेल्या घेरात मात्र मोकळी होती. दुसरी गोष्ट पिस्टनच्या मागच्या, म्हणजे कार्ब्युरेटरकडच्या अंगावर होती: खालपासून वरपर्यंत केसासारख्या बारीक उभ्या रेघा, बोटाला क्वचितच जाणवणाऱ्या. टू-स्ट्रोकमध्ये धूळ आली की तिची सही बहुधा इथेच सापडते, कारण हवा आत येण्याची वाट तीच. कार्ब्युरेटर आणि फिल्टर यांच्यामधल्या रबराच्या आत बोट फिरवले आणि बोटावर तांबूस रेघ आली, सासवडच्या मुरमाचा रंग. फिल्टरचा फोम मी दर आठवड्याला धुऊन तेल लावून बसवत होतो, पण त्याची कड जिथे टेकते तिथे एका बाजूला क्लॅम्प वाकला होता आणि काडी जाईल एवढी फट होती. इंजिन तिथूनच धूळ ओढत होते. दोष माझाच, मिस्त्रींनी त्या क्लॅम्पला हातही लावलेला नव्हता.

लेथवाल्याने सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा, असा सहा ठिकाणी मोजला. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट सर्वांत मोठ्या जागी ०.०७ मिलिमीटर भरली. रिबोअर करताना ०.०४ ठेवली होती. मी ०.१० ही मर्यादा मानतो, म्हणून रिबोअर नाही. रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मात्र ०.६ मिलिमीटर निघाली, नवीन रिंगची त्याच जागी ०.२५. नव्या रिंगा, हलके होनिंग (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर दगडाने बारीक घासणे), पोर्टच्या कडांवरून बारीक हात, खाचेतला कार्बन जुन्या रिंगच्या तुकड्याने खरवडून साफ, आणि नवीन पॅकिंग. रिंगची टोके खाचेतल्या खिळ्यावर नीट बसली आहेत ना हे सिलिंडर उतरवताना दोनदा पाहिले. टू-स्ट्रोकमध्ये हा खिळा रिंगला फिरू देत नाही; टोके चुकून पोर्टवर आली तर रिंग तिथे अडकून तुटते.

पण सिलिंडर बसवल्यानंतर मी आणखी एक तपासणी केली, आणि तिचे कारण दोन वर्षांपूर्वीचे आहे. तेव्हा याच गाडीचे कॉम्प्रेशन १२४ होते, अगदी निरोगी, आणि तरी ती लाल दिव्यापाशी उभी असताना आपोआप रेस होत असे, कधी बंद करूनही दोन क्षण चालत राही. कॉम्प्रेशन चांगले आहे म्हणून मी इंजिनावर संशयच घेतला नाही, कार्ब्युरेटर तीनदा उघडला, जेट बदलले, आणि शेवटी एका लांब चढावर पिस्टन जाम झाला. सध्याचा ५०.२५ चा बोअर त्याच दिवसाची देणगी. मॅग्नेटच्या बाजूचे क्रँकचे, म्हणजे पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याचे ऑइल सील कडक होऊन हवा ओढत होते, मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते आणि त्याच्यासोबतचे तेलही. टू-स्ट्रोक इंजिन दोन ठिकाणी दाब तयार करते, पिस्टनच्या वर आणि पिस्टनच्या खाली क्रँककेसमध्ये. प्लगच्या भोकातले गेज फक्त वरच्या मजल्याची बातमी देते. खालच्या मजल्यावर मॅग्नेटकडचे सील गेले तर हवा येते, क्लचकडचे गेले तर गिअरबॉक्सचे तेल ओढले जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. कॉम्प्रेशन गेजला यातले काहीच दिसत नाही.

त्यासाठीचे माझे यंत्र घरातल्या जुन्या रक्तदाब मोजायच्या यंत्रातून बनवलेले आहे. त्याच्या डायलवर ३०० पर्यंत आकडे असतात, आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे सहा पीएसआयला किंचित कमी, नेमका या तपासणीला लागतो तेवढाच दाब. त्याहून जास्त दिला तर सीलच उलटे पडू शकतात. एक्झॉस्टचे तोंड जाड रबराचा तुकडा आणि पत्र्याने बंद केले, कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या रबरात लाकडी गुडदी ठोकली, पिस्टन अगदी तळाला नेला, म्हणजे वरचा आणि खालचा मजला पोर्टमधून एक होतो, आणि प्लगच्या भोकातून रबरी फुग्याने दाब भरला. मिनिटाला ५० पर्यंतची घट मी चालवून घेतो. पहिल्या प्रयत्नात काटा भराभर खाली आला. साबणाचे पाणी लावल्यावर बुडबुडे माझ्याच लाकडी गुडदीपाशी निघाले. ती नीट बसवल्यावर ३०० वरचा काटा एका मिनिटात २९० वर आला. सिलिंडरखालच्या पॅकिंगला आणि मॅग्नेटच्या बाजूला बुडबुडा नाही.

३०० किलोमीटर रनिंग केले, अर्ध्या ॲक्सिलरेटरच्या पुढे न जाता, तेलाचे प्रमाण थोडे वाढवून. मग त्याच गेजने, त्याच अंगणात, त्याच पायाने मोजले: १२३. गॅरेजमध्ये गेज घेऊन गेलो तेव्हा मिस्त्रींनी आधी अंगठा लावला, मग काटा पाहिला, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या आरएक्सकडे बोट दाखवून म्हणाले, "तिचा सिलिंडर आज लेथला पाठवणार होतो. आधी हिचं बघून घ्या." तिचे ११६ आले. आम्ही दोघांनी मिळून तिचा फिल्टर उघडला.